साबणाच्या कंपनीचं पाणी

३ जून, सोमवार
आधी आला तो चष्मेवाला, साहेब मागून धापा टाकत. लिफ्ट बंद. नातीचा पाय मुरगळलाय, म्हणून हापीसच घरी आलं. चष्मेवाला आणि नात नोकरीला बरोबरच लागलेत, दोघांतला एकच पक्का होणार, तरी डबा वाटून खातात. दुसऱ्या कंपन्यांना यंदा किती नफा होणार ते आधीच सांगायचं, हे यांचं काम. ज्याचा आकडा खऱ्याच्या जवळ, तो पक्का. त्यात काय एवढं. जावई किती दिवस राहणार ते मी त्याची बॅग बघून सांगते.

साबणाच्या कंपनीचं जाड पुस्तक आणलं होतं. झाडं, पाणी, हवा किती सांभाळली त्याचं. इंग्रजी मला येत नाही, पण फोटो येतात. मालक रोप लावताना हसतोय. मी म्हटलं, नफा दुप्पट. रोपं लावायला सवड मिळते ती पोट भरलेल्यालाच. साहेब म्हणाले, आजींचं पटतंय. साहेब माणूस हुशार आहे.

४ जून
नात शेवटची बारीक अक्षरांची पानं घेऊन बसली. म्हणते, आजी, पाणी निम्मंच वापरलंय. म्हटलं, बघ, काटकसरी माणसं. म्हणते, की साबणच निम्मा केला? पहिल्यापासून शंकेखोर. समजावलं. तिने मान डोलावली. आता पोर पक्की झालीच समज. उद्यापासून तिच्या कामात बोलायचं नाही.

५ जून
बोलले. पण नातीशी नाही. ती अंघोळीला गेली होती, चष्मेवाल्याचा फोन मी घेतला. त्यालाही दुप्पट सांगून टाकलं. गुणी पोरगा, दोनदा थँक्यू म्हणाला.

१४ जून, शुक्रवार
निकाल लागला. नफा निम्म्याहूनही खाली. विहिरी आटल्या म्हणून दोन कारखाने बंदच होते म्हणे. साहेब आणि चष्मेवाला दोघंही दुपटीवर आपटले. नात अगदी जवळ. पक्की झाली. चष्मेवाल्याला आणखी सहा महिने बघणार आहेत.

म्हणजे कार्टीने माझं ऐकलंच नव्हतं. विचारलं, तर म्हणते, ऐकलं ना, तू इतकी ठाम होतीस म्हणून घाबरून पाण्याचे आकडे पुन्हा तपासले. म्हणजे श्रेय माझंच.

रविवारी, २३ तारखेला, साहेब आणि चष्मेवाला नव्या कंपनीचं पुस्तक घेऊन येणार आहेत. साहेबांनी फोनवर विचारलं, आजी घरी असतील का. नात म्हणाली, नसतील.

मी कुठे जाणार आहे, ते तिला विचारायला हवं.