अकरा वेळा एक

आई, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. त्या संख्येने भाग जातो, बाकी उरत नाही. एक हा अंक ओळीने अकरा वेळा लिहिला की होणारी ती संख्या, अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, अविभाज्य नाही. हे सांगायला मला चाळीस वर्षे उशीर झाला. परवा कोथरूडच्या डॉक्टरांनी मलाही काचबिंदू असल्याचे सांगितले. अक्षर दिसते आहे तोवर लिहितो आहे.

खडकीच्या फॅक्टरी क्वार्टरमधला ओटा आठवतो. बाबा पहिल्या पाळीला गेलेले, कुकर उतरलेला, आणि सातवीत शाळा सोडावी लागलेली तू पिठाच्या डब्याला वही टेकवून भागाकार करते आहेस. सात एकांची संख्या तू दोनशे एकोणचाळीसने फोडलीस, तेव्हा उलट गुणाकार करून मला दाखवलास. मग अकरा एक घेतलेस. "एवढी एक माझी मला फोडू दे, मग वही बंद," म्हणालीस. मी गणिताच्या एम. ए.ला होतो. पहिल्या एक हजार अविभाज्य संख्यांची यादी मी तुला उतरवून दिली. स्वतःहून दिलेली बहुधा तेवढीच वस्तू.

सव्वा वर्षाने एका दुपारी तू ती यादी माझ्यापुढे ठेवलीस.

"हजारही झाल्या रे. एकीनेही भाग जात नाही. म्हणजे नाहीच ना फुटत?"

"यादी संपली आहे, शक्यता नाहीत. एवढं साधं कळू नये?"

"मग पुढची दे की लिहून. का हात दुखतो साहेबांचा?"

देतो म्हणालो. परीक्षा आली, नोकरी आली, तुझी नजर गेली. त्यानंतर तू विचारले नाहीस, आणि दोन वर्षांत तूही गेलीस.

पुढे मी तर्कशास्त्र शिकवले. दर वर्षी फळ्यावर अकरा एक लिहून सांगत असे, की एका बाईने हजार भागाकार केले आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढला. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्या बाईंना घरी काही काम नव्हतं का?" वर्ग हसला. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो आणि पुढचे उदाहरण घेतले. वास्तविक तू निष्कर्ष काढलाच नव्हतास. प्रश्न विचारला होतास. हा फरक वर्गात कोणाला कळायला हवा होता, तर तो मला.

आणखी एक गोष्ट. या संख्येला भागणारी अविभाज्य संख्या बावीसच्या पटीहून एकने मोठीच असावी लागते. तेवढे माहीत असते तर दहातले नऊ भागाकार वाचले असते. सुमारे अडीचशे भागाकारांत उत्तर तुझ्या हाती आले असते. तू हजार केलेस.

पाकीट आणलेले नाही. पत्ता लिहायचा नाही. तो नियम मला तेव्हाही ठाऊक होता. तुला झेपणार नाही म्हणून सांगितला नाही, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. तसे नव्हते. त्याची सिद्धता मला येत नव्हती, आणि तू ती विचारली असतीस.