करड्याला नावं ठेवली, लाल घरी आला

मौजे वडेगाव, मौद्याजवळ
वैशाख वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थस्वरूप सौ. इंदुताईस, अमरावती मुक्कामी, धाकट्या रुपाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, अशी सध्या कंबरेची अवस्था आहे. कारण पुढे येईल.) तुझी प्रकृती कशी आहे? भाऊजींचा खोकला उन्हाळ्यात तरी थांबला का? इकडे सर्व क्षेम. देवकी बरी आहे आणि मी बरा नाही असं सगळ्या गावाला सांगत असते. म्हैस व्याली, वगार झाली. पत्र लिहायला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. पालथं पडून लिहितो आहे आणि दौत दोनदा उशीवर सांडली आहे.

तुला एक मोठी बातमी सांगायची आहे: आपल्या घरी ट्रॅक्टर आला. जुना नव्हे, कुणाचा वापरलेला नव्हे, करकरीत नवा. आणि तो मी पसंत केला. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं, त्यात एकही शब्द खोटा नाही. तरी ते खरंही नाही. ते कसं, तेवढं सांगण्यासाठीच हा कागद.

नदीकाठचं आपलं मोठं वावर तुला आठवतच असेल. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तिथे गहू व्हायचा. आता तिथे नुसता कांस आहे. ते गवत वर दिसतं त्याच्या दुप्पट जमिनीखाली असतं, बैलांचा नांगर वरवर ओरखडून जातो आणि पाऊस पडला की कांस पुन्हा उभा. नानाजी गेली कित्येक वर्षं त्या वावराकडे बघत बांधाच्या धुऱ्यावर बसतात आणि कुणाला काही न बोलता घरी येतात. (मला बोलतात. मला जमेत धरायचं नाही.) बाबांमागे या आपल्या काकांनीच आपल्याला वाढवलं, तुला लाडानं आणि मला धाकानं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही, तेव्हा कारभार पुढेमागे माझ्याकडे येणार असं सगळे धरून चालतात. नानाजी सोडून. होळी झाल्यावर त्यांनी मला ओसरीवर बोलावलं आणि म्हणाले, "रुपा, कांस काढाले इंजन घेऊ म्हणतो. तू पाहून घेजो. बरोबर निवडलं तर या पेरणीपासून वावर तुह्या हाती. नाही तर मुकुंदाले बोलावतो."

मुकुंद म्हणजे आपल्या आत्याचा, कृषी कॉलेजात शिकलेला. मातीचं ढेकूळ चिमटीत धरून तो चष्म्यातून पाहतो तेव्हा ढेकळालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटत असावं. ताई, मी चाळिशीला आलो. आजवर मला घरात सांगितलेली कामं म्हणजे पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे आणि पाहुण्यांना स्टेशनवर सोडणे. मला हे काम हवं होतं. खरं सांगायचं तर इतकं हवं होतं, की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी तयारीला लागलो. नागपूरहून कंपन्यांची चित्रांची पुस्तकं मागवली. इंग्रजी मला वाचता येतं आणि समजत नाही, त्यामुळे मी ती देवकीला मोठ्यानं वाचून दाखवत असे आणि ती भाजी निवडता निवडता "हो का" म्हणत असे. दोनच ट्रॅक्टर आपल्या ऐपतीत बसत होते. एक लाल, लोखंडी चाकांचा, चाकांना बोटबोट लांब दात. दुसरा करडा, रबरी चाकांचा, आणि त्याला (ताई, हे तुझ्यापुरतं) स्प्रिंगची गादी होती. चित्रातला साहेब त्या गादीवर पाय सोडून बसला होता, तोंडात चिरूट, मागे नांगर आपोआप चाललेला. मी त्या साहेबाच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं आणि फार शोभलो. करडा पक्का झाला. देवकीला मात्र मी सांगितलं की इंजिनाचा जोर पाहून ठरवलं. ती म्हणाली, "हो का."

मी एकटा जाणार होतो. निघायच्या दिवशी पाहतो तर नानाजी धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून बैलांच्या दमणीत आधीच बसलेले. मांडीवर नवा कोरा कासरा. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, विकणारा आपलं दावं देत नसतो, घेणाऱ्यानं स्वतःचं न्यावं लागते. मी म्हटलं, नानाजी, ते यंत्र आहे. म्हणाले, "आणाचं आहे ना घरी?" मी कासरा सरकवून शेजारी बसलो. वाटेत त्यांनी मला बैलबाजाराचा एकच कायदा पुन्हा समजावला, जो आपण लहानपणापासून ऐकत आलो: "जे घ्याचं त्याले नावं ठेवाची. जे नाही घ्याचं त्याच्या पाठीवरून हात फिरवाचा." बाकी सगळं तू बोलजो, मी नुसता उभा राहीन, असंही म्हणाले.

नागपूरबाहेर, बेसा गावाच्या वाटेवर एका मोकळ्या वावरात दोन्ही ट्रॅक्टर उभे करून ठेवले होते. कंपनीचा माणूस ओमप्रकाशबाबू, कानपूरकडचा, नुकताच नागपुरास आलेला. गोरा, सरळ, कोवळा पोरगा. उन्हात टोपी हातात घेऊन आमची वाट पाहत होता. नानाजींनी आधी दोन्ही यंत्रांना प्रदक्षिणा घातली. लालच्या पुढच्या जाळीत बोट घालून दात पाहिल्यासारखं काहीतरी पाहिलं. करड्याच्या मागे जाऊन शेपटीच्या जागी बराच वेळ रेंगाळले. मग दोघांना थोडं चालवून दाखवायला सांगितलं आणि खाली बसून चाल पाहिली. शेवटी ओमप्रकाशबाबूंना विचारलं, "हे दोन्ही तुम्ही काहून विकून राहिले गा?" तो म्हणाला, "बाबा, बेचने के लिए ही तो हैं." नानाजींचं मुळीच समाधान झालं नाही. खोड असल्याशिवाय माणूस जनावर विकत नाही, हे त्यांचं सत्तर वर्षांचं मत. पण ठरल्याप्रमाणे ते बाभळीच्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि मला हातानं खूण केली: आता तू.

ताई, त्या दिवशी मी जे बोललो तसं आयुष्यात कधी बोललो नाही. मी करड्यापुढे उभा राहिलो आणि नाक मुरडलं. म्हटलं, ही काय चाकं? रबरी! आमची काळी माती दोन पावलांत याला गिळून बसेल. हा कांसात शिरणारच नाही, धुऱ्यावरूनच परत फिरेल. आणि ही गादी बघा. हे नांगराला आलं आहे की वरातीला? हिच्यावर माणूस बसला की अर्ध्या तासात घोरायला लागेल. रंग राखेचा, तोंड खाली, याला फुकट दिला तरी बांधायला जागा नाही. मग मी लालकडे वळलो, त्याच्या तापलेल्या पत्र्यावरून हात फिरवला (भाजला) आणि म्हणालो, हा बघा, याला म्हणतात ट्रॅक्टर. दात कसे आहेत! मला स्वतःलाच माझं बोलणं इतकं आवडलं की मी करड्याला आणखी दोन-चार गोष्टी सुनावल्या. आता गिऱ्हाईक जातं आहे असं पाहून हा गयावया करील, भाव खाली येईल, मग मी मोठ्या नाइलाजानं करडा घेईन, असा माझा हिशेब होता.

पोरगा गयावया करीना. तो ऐकत राहिला. अधूनमधून मान हलवत राहिला. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "साहब, आप बिलकुल सच कहते हैं. कांस की ज़मीन में यह ग्रे वाला मैं आपको नहीं दूँगा. आपका नुकसान होगा." त्याला बैलबाजाराची रीत कुणी शिकवलीच नव्हती! त्यानं माझा एकेक शब्द खरा मानला होता. मी घाईघाईनं म्हटलं, तशी गादी काही वाईट नाही. तो म्हणाला, आप मेरा दिल रखने के लिए कह रहे हैं. मी म्हटलं, रबरी चाकांचेही काही फायदे असतीलच. त्याचे डोळे भरून आले. इतकं सज्जन गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं म्हणे. मी बाभळीकडे पाहिलं. नानाजी उपरण्यानं तोंड पुसत होते, आणि फार वेळ पुसत होते. आता माघार घेतली तर अर्ध्या घटकेपूर्वीचा मी एकतर मूर्ख ठरतो किंवा लबाड. दोन्ही ठरण्याची हिंमत झाली नाही. मी लाल घेतला.

नानाजींनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि तो कोरा कासरा लालच्या पुढच्या दांडीला बांधून चार पावलं स्वतः ओढत नेला. (मागून इंजिन चालू होतं. तरी.) कंपनीचा ड्रायव्हर घरापर्यंत येणार होता. मालकानं वाहन शिकून घ्यावं म्हणून नानाजींनी मला त्याच्याशेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसवलं आणि शहर मागे पडल्यावर खुद्द चालवायच्या जागी. त्या लोखंडी पत्र्याच्या बैठकीला भोकं पाडलेली आहेत. ती कशासाठी आहेत ते कंपनीला ठाऊक. माझ्या अंगावर त्यांची नक्षी अजून आहे. भंडाऱ्याच्या सडकेवर एकही खड्डा लालनं सोडला नाही. नानाजी दमणीतून शेजारून येत होते. 

परवा कांसात नांगर घातला. सगळा गाव धुऱ्यावर जमला होता, शेजारच्या गावचे मालगुजार महादेवरावसुद्धा आले होते. मी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. उघडले तेव्हा लोखंडी दात मातीत रुतून पुढे चालले होते आणि मागे कांसाची मुळं हातहात लांब, जुड्याच्या जुड्या, उताणी पडली होती. बायका त्या उचलून एकमेकींना दाखवत होत्या. नानाजी त्या उकरलेल्या मातीत अनवाणी चालत गेले, वाकून एक मूळ उचललं आणि त्याची माती झटकली. मग सगळ्या गावापुढे मोठ्यानं म्हणाले, "आमच्या रुपाची नजर पाहा! याच्यासारखा पारखी तालुक्यात नाही."

ताई, मी घाबरलो. तू म्हणशील, वेडा आहेस, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं. म्हणूनच तर! नानाजी कौतुक कुणाचं करतात ते आठव. पांढऱ्या घोडीचं केलं, ती महिन्यात विकली. जुन्या दिवाणजींचं भर पंगतीत केलं, ते आठवड्यात घरी बसले. उलट देवकीच्या पोळ्या जाड म्हणतात आणि रोज मागून घेतात. परवापासून मला कुणी ओसरीवर मोठ्यानं बोललं की मुकुंदच आला असं वाटतं. तेव्हा सुट्टीत मुलांना घेऊन ये, आंबे आहेत. भाऊजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा
रुपा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली, नव्हे, धीर होत नव्हता. तू नानाजींना सहज म्हणून एक पत्र टाक आणि मुकुंदाचं काय ठरलं ते विचार. तुझ्यापाशी ते लपवत नाहीत. मी विचारायला सांगितलं असं मात्र लिहू नकोस. ते मला इथून काढणार असतील तर तसं स्पष्ट कळव. मला या मातीचं फारसं काही कळत नाही, पण दुसरीकडे मला राहता यायचं नाही.

ता. क. दुसरा. टपाल गेलं नाही म्हणून लिफाफा फोडून लिहितो. आत्ता महादेवराव आले होते. त्यांनाही ट्रॅक्टर घ्यायचा आहे, तो निवडायला आणि हंगामभर त्यांच्याकडे राहून कांस काढायला मला मागत होते. मी दाराआडून ऐकलं. नानाजी म्हणाले, "अजी, त्या दिवशी कांस निघाला म्हणून तोंडातून गेलं. तो काही कामाचा नाही. त्याले तर करडा पाहिजे होता, गादी पाहून! मी बाभळीखाली उभा राहून पाहून राहिलो होतो ना. लाल त्याच्या गळ्यात पडला." एकेक अक्षर खरं, ताई! आणि महादेवराव हसत म्हणाले, "नानाजी, बाजाराची रीत मलेही येते. नावं ठेवून राहिले म्हणजे पोरगा मले देत नाही, म्हणा ना सरळ." ते रिकामेच परत गेले. तेव्हा नानाजींना पत्र लिहू नकोस. ते पाहुण्यांना सोडून आत आले, मी दाराआड तसाच उभा होतो, डोळ्यांना पाणी. म्हणाले, "उभा काहून आहेस गा? बियाणं कोण पाहीन, मुकुंद?" म्हणून घाईत इथेच संपवतो, ते कोठाराशी खोळंबले आहेत.