अंगठ्याचा जोर

७ जानेवारी, मंगळवार
पडले! परवा, देवघरासमोर. फरशी कोरडी, उजेड भरपूर, डोकं ठिकाणावर — आणि तरी पडले. दिवाळीनंतरची ही दुसरी खेप. मनगट सुजलंय, बाकी हाडं शाबूत.

विश्वजितचा पुण्याहून फोन. "आई, तिसऱ्यांदा पडायची वाट बघायची नाही. सव्वीस जानेवारीला जोडून येतो. गारखेड्याचं घर बंद करू, माझ्याकडे चल." घटस्फोटानंतर स्वतः एकटा राहतो आणि मला सांगतो, एकटी राहू नकोस! मला हे घर सोडायचं नाही. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, स्वतःच्या पडण्याचं कारण शोधता येणार नाही होय?

९ जानेवारी
फिजिओथेरपी कॉलेजात गेले. चारुता नावाची विद्यार्थिनी होती, चुणचुणीत. एका काळ्या पट्टीवरून अनवाणी चालवलं आणि संगणकावर माझी पावलं उमटली! जास्त दाब तिथे लाल, मध्यम तिथे पिवळा, कमी तिथे निळा. टाचा लालभडक. अंगठ्यांच्या जागी नुसता निळा पुसटपणा.

"आजी, अंगठा टेकतो, पण जोर लावत नाही. तोल जायला लागला की बोटंच सावरतात."

त्र्याहत्तर वर्षं या पायांवर उभी आहे, आणि हे मला ठाऊकच नव्हतं. व्यायाम दिला — पायाच्या बोटांनी नॅपकिन गोळा करायचा.

१० जानेवारी
पाऊल ओलं करून फरशीवर ठसे उमटवत बसले. कामाला येणाऱ्या द्वारकाबाई भांडी टाकून बघायला आल्या. "बाई, पाय हायत की जाग्यावर! लई काय बघताय त्याच्यात?" त्यांचाही ठसा घेतला. पाचही बोटं ठसठशीत! "आमच्या गावाला, पिशोरला, चिखलात बोटं रोवल्याबिगर चालताच येत नाय," म्हणाल्या. मग दिवसभर भाव खात होत्या.

१२ जानेवारी
नॅपकिन तीनदा जमला. चौथ्यांदा पोटरीत गोळा आला.

१५ जानेवारी
सापडलं! म्हणजे द्वारकाबाईंना सापडलं, मला नाही. दोन्ही वेळा त्यांनीच मला उठवलं होतं. आज सहज म्हणाल्या, "एक चप्पल पायात अन् एक भाईर, दोन्ही टायमाला."

खरंच की! टाचा दुखतात म्हणून दिवाळीपासून घरात चपला घालते. पण स्वयंपाकघरात आणि देवघरात कशा नेणार? प्रत्येक वेळी दाराशी एका पायावर उभं राहून काढते. पहिल्यांदा पडले ती स्वयंपाकघराच्या दारातच. आज दिवसभर मोजलं — एकोणीस वेळा! लुळ्या अंगठ्यांवर एकोणीस वेळा एका पायावर कसरत. मुलांना असा मूर्खपणा करताना पाहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. दोन्ही दारांशी खुर्च्या ठेवल्या. आता बसूनच काढायच्या.

२३ जानेवारी
पुन्हा त्या पट्टीवर चालले. अंगठ्यांच्या जागी थोडं पिवळं आलंय! चारुताच्या मॅडम म्हणाल्या, "एकट्या राहायला हरकत नाही. व्यायाम सोडू नका." रिक्षात एकटीच हसत होते.

२५ जानेवारी, शनिवार
विश्वजित आला. खुर्च्या दाखवल्या, ठसे दाखवले, चालून दाखवलं. "बरं बाई, जिंकलीस. राहा इथंच," म्हणाला. इतका आनंद झाला की त्यालाही ठसा उमटवायला लावला.

डाव्या पायाची बोटं जवळजवळ उमटलीच नाहीत. फरशीवर लालसर पाणी. तळवा उलटा करून बघते तर त्यात काच रुतलेली!

"अरे, कधी लागलं हे?"

"काय?" म्हणाला.

त्याला कळलंच नव्हतं! काच काढून मलमपट्टी झाली, दवाखान्यातून आलो, मग खोदून खोदून विचारलं. सहा वर्षं शुगर आहे. गोळ्या आठवल्या तर घेतो. पाय वर्षभर बधिर आहेत. ऑगस्टमध्ये जिन्यावरून पडला, ते मला "मुरगळला" म्हणून सांगितलं. मी सोबतीला येते म्हटलं, तर ताडकन म्हणाला, "माझ्यासाठी मुळीच यायचं नाही. मी बघेन माझं." फार राग आला. आणि फार भीती वाटली.

२६ जानेवारी
बॅग भरली. विश्वजितला सांगितलं — तुझंच खरं रे, मला आता एकटीला जमत नाही.