दोनशे बारा नग आणि निळी मोटार

रविवार, ७ फेब्रुवारी १९८८

श्री नागनाथ प्रसन्न.

लेकीचं, मनकर्णाचं लग्न दोन आठवड्यांवर. राणीसावरगावचे व्याही व्यंकटराव. भला माणूस. बैठकीत काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "नवरदेवाच्या परण्याची मिरवणूक तेवढी तुमच्या निळ्या मोटारीतून मारुतीला न्या. आमी गावात सांगून बसलोय." नाही कसं म्हणणार?

मोटार मामंजींनी हैद्राबादहून आणलेली, विलायती, चौतीस वर्षांची. इंजिन चालू झालंय. दारं, मडगार्ड, बॉनेट, सगळे पत्रे रंगवून आलेत आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेत. लावणं तेवढं राहिलं.

लावणार जिंतूरचे आश्रुबा मिस्त्री. ते आज पुतण्याच्या जावळाला गेले, १५ ला येणार. जाताना ओसरीतल्या दोरीवर अडतीस पुड्या टांगून गेले. एकेका पत्र्याचे स्क्रू, क्लिपा, वायसर एकेका पुडीत, वर चिठ्ठी. तीनदा बजावलं, "वहिनीबाई, ह्या पुड्यांना हात लावू नगा."

मला काय करायचंय हात लावून?

संकल्प: १५ पर्यंत मोटारीकडे बघायचंसुद्धा नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी. उपवास.

पुड्या लय घाण. तेलकट. लग्नघरात शोभत नाहीत. सोडल्या.

चिंच आणि राखेनं सगळं घासलं. लखलखीत निघालं. मग ताटात घेऊन डाळ निवडतात तसं निवडलं. बारीक, मध्यम, जाड, इतर. चार डबे. एकूण नग दोनशे बारा, वहीत नोंद केली. मॅट्रिक उगीच पास झाले नाही.

चिठ्ठ्या बंबात घातल्या. पाणी छान तापलं.

अडतीस पुड्यांचे चार डबे! मिस्त्री बघतच राहतील.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, मिस्त्री १५ ला येणार आणि लग्न २१ ला, कसं व्हायचं वं बाई? मलाही तीच काळजी होती. (नव्हती. त्या म्हणाल्यावर लागली.)

निम्मं काम आपणच करून ठेवावं. स्क्रू म्हणजे काय, बरणीचं झाकणच. एक घ्यायचा, जीव खाऊन पिळायचा, मग दुसरा घ्यायचा.

सकाळी ११. डावं दार. एकटीनं उचललं, नागनाथाचं नाव घेतलं. तीन स्क्रू बसले. आता हत्ती लावला तरी निघत नाहीत.

बुधवार, १० फेब्रुवारी

डावं मडगार्ड. चार बोल्ट पक्के. पाचव्याचं भोक बोटभर बाजूला. बनवणारानं भोक पाडतानाच चूक केली असणार. चौतीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली.

पाचवा बोल्ट डब्यात परत ठेवला. चार पुष्कळ झाले.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

एका भोकात बारीक स्क्रू हलतो, मध्यम जात नाही. उद्या शनिवार, लोखंड विकत घ्यायचं नाही. म्हणून आजच बाजारातून नवे मागवले. बारीक पण लांब मिळाले.

दुपारी ३. एक जरा जास्तच लांब. आतून पिळला, दारातून बाहेर आला. नव्या रंगाचा टवका उडाला. तिथं कुंकवानं स्वस्तिक काढलं. उलट शोभा आली. लग्नाची मोटार वाटते.

संध्याकाळ. एकूण पाच स्वस्तिकं झाली. आता नवे स्क्रू वापरायचे नाहीत.

शनिवार, १३ फेब्रुवारी

दाराच्या चकचकीत पट्टीच्या क्लिपा. दाबलं की टक् वाजतं. वाजलं म्हणजे बसली, असं धरून चालले होते. चौदाव्या टकला कळलं, मोडायलेत.

अंबाड्याचे आकडे लावले. वीस वर्षं एवढा अंबाडा धरला त्यांनी, पट्टी धरायला काय झालं?

दिवसभर केस मोकळे. सुलाबाई दारातूनच हात जोडून म्हणाल्या, "माय, अंगात आलंय का?"

रविवार, १४ फेब्रुवारी

हे येलदरीहून आले. (पाटबंधारे ऑफिसात क्लार्क, रविवारीच घरी असतात.) मी ताडपत्री काढून दाखवली. हे आत बसले, डावं दार लावून घेतलं. मग लावलेल्या दाराच्या फटीतून हात बाहेर काढला आणि पाची बोटं हलवून दाखवली.

मी म्हणाले, ऊन तापायला लागलंय, नवरदेवाला वारा लागेल.

रोज तीन भाकरी खातात, आज एक खाल्ली. आनंदानं होतं असं कधी कधी.

सोमवार, १५ फेब्रुवारी

मिस्त्री आले. दोरीकडे बघितलं. "पुड्या?" मी डबे दाखवले. "चिठ्ठ्या?" मी बंब दाखवला.

मिस्त्री खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिले.

मग म्हणाले, सगळे बोल्ट आधी दोन-दोन आट्यांवर नुसते धरायचे असतात. पत्रा हलवून फटी सारख्या करायच्या. मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. एकच आधी आवळला की पत्रा तिकडं ओढला जातो. आणि आता कुठला बोल्ट कुठं, ते हुडकण्यातच चार दिवस जातील.

मी म्हणाले, मी आहे की मदतीला.

"वहिनीबाई, तुमी लाडू करा."

लाडवांची फार आवड दिसते.

मंगळवार, १६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.

मिस्त्रींनी उजवी बाजू आधी घेतली. दिवसभर हलवाहलव. संध्याकाळी जिंतूरला जाताना सगळे बोल्ट ढिलेच ठेवून गेले. लग्नाला पाच दिवस आणि माणसाची ही ढिलाई.

बोलून दुखवायचं नाही, असं ठरवलं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

पहाटे देवाला फुलं तोडायला अंगणात गेले. पान्हा तिथंच होता. सगळे आवळून टाकले.

मिस्त्री दहाला आले. पुन्हा पुन्हा वाकून बघितलं. म्हणाले, काल तर सरळ होतं. पुन्हा सगळे ढिले केले. स्वभाव.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

पहाटे पुन्हा आवळले.

आज मिस्त्री मोटारीपासून चार हात लांब उभे. "वहिनीबाई, हिच्यात कायतरी हाय. बोल्ट आपुआप आवळायलेत." लिंबू-मिरची मागितली. दिली. माझ्याच हातानं बांधली.

खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलंच नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी

काय होतं ते बघायला मिस्त्री काल मोटारीतच झोपले. मला कुणी सांगितलं नाही. पहाटे मी पान्हा घेऊन वाकले, आत डोळे. दोघंही एकदम ओरडलो. सगळे पाहुणे जागे झाले.

हे रजेवर आलेत. पान्हा माझ्या हातातून काढून घेतला. "अगं, का?" एवढंच म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "दोन लिंबं वाया गेली की वो."

मनकर्णा हळदीच्या अंगानं दारात उभी. "आई, माझ्या मामंजींनी एकच गोष्ट मागितली होती." मी म्हणाले, देतोय की.

रात्रीपर्यंत उजवी बाजू अशी बसली की फटीत दोराही जात नाही. डावीला वेळ उरला नाही. म्हणजे माझं काम कायम राहिलं.

रविवार, २१ फेब्रुवारी

परण्या निघाला. नवरदेव डाव्या बाजूला, बाशिंग बांधून. पुढं बँड. राणीसावरगावची सगळी मंडळी बघायला. शाळेपर्यंत मोटार राणीसारखी गेली.

शाळेपाशी खड्डा. आधी पट्टी सुटली. मग माझे आकडे, एकामागून एक. मग दारच.

व्यंकटराव धावले. पडणारं दार दोन्ही हातांनी जागेवर दाबलं आणि मारुतीपर्यंत मोटारीच्या बाजूनं तसेच चालत गेले. फेटा सुटून गळ्यात. त्यांचाच भाऊबंद ओरडला, "दादा, पोरगं पळून जाईल म्हणून दार धरलंय व्हय?" बँडवालेसुद्धा हसायला थांबले.

मुहूर्त साधला. लग्न लागलं.

पंगतीत व्यंकटराव म्हणाले, "विहीणबाई, मोटार लय भारी हाय." त्यांच्या बोटांना चिंधी बांधली होती. वजनानं भारी म्हणत असावेत.

सोमवार, २२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी पाठवणी झाली. जीपनं गेली. मनकर्णा माझ्या गळ्यात पडून रडली. सुलाबाई रडल्या, हे रडले, मिस्त्रीही टोपीनं डोळे पुसत होते. रडता रडता तिनं माझ्या कानात तोंड घातलं.

"आई, मला भेटायला लवकर ये. पण तिथं सासूबाईंची शिलाई मशीन आहे. तिला हात लावू नको."

मी हो म्हणाले.

जीप वळेपर्यंत पोरीनं दोनदा बाहेर डोकं काढून विचारलं, "नक्की ना?"