उद्या मला उचलू नका

३ एप्रिल २००५, रवि.
मॅनेजरने बोलावलं. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय. कंपनीचा जुना नियम पुढे केला: ज्याला आपल्या पायांनी ऑफिसात येता येत नाही, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही. इथे आखातात आल्यावर शमालच्या हायवेवर गाडी उलटली तेव्हापासून मी व्हीलचेअरवर. पण ड्रॉइंग हातानेच काढतो ना? म्हटलं, "साहेब, गेल्या वर्षी इथल्या सरकारने अपंगांसाठी कायदा केलाय. तुमचा नियम मागे राहिला." लेबनीज माणूस, वाईट नाही. म्हणाला, तू आत कसा येतोस ते बुधवारी स्वतः बघतो. अडचण दिसली तर दाराशी रॅम्प आणि हा नियम, दोन्हींबद्दल हेड ऑफिसला लिहितो. इन्शाल्ला.

६ एप्रिल, बुध.
सत्यानाश!
अल सद्दमधला व्हिला म्हणजे आमचं ऑफिस, दाराशी पाच पायऱ्या. रोज माझ्या शेजारच्या टेबलावरचा पाटणकर आणि मंडळी मला खुर्चीसकट उचलून नेतात. आज मॅनेजर बघतोय म्हटल्यावर पाटणकरला चेव आला. "यल्ला, चला!" म्हणत नवरदेवासारखा आत नेला. वर छाती फुगवून, "सर, इक्बालभाई नो प्रॉब्लेम. वुई आर हिअर!"
मॅनेजर खूश. मला म्हणाला, मग रॅम्प कशाला? नियमही राहू दे. जूनचं तुझ्यापुरतं बघू.
तुझ्यापुरतं. म्हणजे मेहेरबानी. उद्या हा बदलून गेला की खलास.
पाटणकर दिवसभर खुशीत. नाशिकचा भाबडा माणूस. हॉस्पिटलात रोज डबा आणायचा. त्याला काय बोलू?

८ एप्रिल, शुक्र.
शमीम सुरमई साफ करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आनि पाटनकर सुट्टीवर गेला तं? तुमाला कोन न्हेल?" बायको की वकील!
तिला एक सांगितलं नाही. ऑफिसात मी पाणी पीत नाही. बाथरूमलाही एक पायरी आहे, परत कोणाला हाक मारायची? उचलताना मीच सगळ्यांत जास्त हसतो. लाज वाटते, म्हणून.

१० एप्रिल, रवि.
पाटणकरला गाठून सांगितलं, उद्या मला उचलू नका. कोणीच.
चेहरा पडला. "आमचं काही चुकलं का, इक्बालभाई?"
"नाही रे. पण तुझ्या खांद्यावर किती दिवस नोकरी करू? मला हक्काने आत यायचंय."
मान खाली घालून निघून गेला. फार वाईट वाटलं. दोस्त गमावला की काय?

११ एप्रिल, सोम.
पायऱ्यांखाली बसून राहिलो. ऊन चढलेलं. मॅनेजर आला, वर गेला, मागे वळला. "इक्बाल, येत नाहीस?"
"कसा येऊ, ते तुम्हीच सांगा."
त्याने दारात उभ्या पाटणकरकडे पाहिलं. पाटणकर हात मागे बांधून उभा, डोळे भरलेले, पण हलला नाही. शाब्बास रे.
मॅनेजर आत गेला. वाटलं, संपलं. थोड्या वेळाने टेप घेऊन बाहेर आला आणि पायऱ्यांचं माप घ्यायला लागला. न सांगता पाटणकरने दुसरं टोक धरलं.
नियमाचं अजून काही बोलला नाही. हेड ऑफिस काय म्हणेल, अल्ला जाणे. मी तिथूनच पाणी मागवलं. दोन ग्लास प्यायलो.