छप्पर चार इंच खाली घेतलेल्या गाडीची व्यवस्था

मी, रत्नप्रभा जनकोजीराव मोहिते, वय वर्षे सदुसष्ट, चेन्नईजवळच्या आवडी या गावातील संरक्षण कारखान्याच्या नकाशे विभागातून निवृत्त, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई, हा कागद माझ्या हाताने, माझ्या चष्म्यातून आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तसे ते कधीच टिकले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर श्रीलक्ष्मी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझा मुलगा चि. मकरंद याला त्या दाखल्याविषयी शंका येईल. ती त्याला २००३ सालापासून आहे. कारण पुढे चौथ्या कलमात येते.

१) वेस्ट मांबलमचे राहते घर माझ्या पश्चात मकरंदचे. तो अण्णा नगरला सुखाने राहतो, इथे येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने घर भाड्याने द्यावे, पण मागच्या अंगणातील पत्र्याची शेड, चौथ्या कलमातील वस्तू तिथून हलेपर्यंत, पाडू नये.

२) बँकेतील ठेवींवर मकरंदचे नाव आधीच लावलेले आहे. तो विषय तेवढ्यावर संपला.

३) माझ्या वडिलांनी साताऱ्याहून रेल्वेने पाठवलेले, लग्नातले लोखंडी कपाट सूनबाई चि. सौ. निधी हिला. कपाटाला दारे नाहीत. तिने पुन्हा एकदा "आई, पण दारं गेली कुठे?" असे विचारण्याऐवजी पुढचे कलम वाचावे.

४) गाडी. १९३६ सालची, दोन दरवाजांची, मागे उतरत जाणाऱ्या पाठीची फोर्ड कूपे. माझे सासरे व्यंकोजीराव निलगिरीतल्या एका गोऱ्या मळेवाल्याकडे ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी परतला तेव्हा त्याने ती त्यांना दिली. त्यांच्यामागे ती माझ्या यजमानांकडे, जनकोजीरावांकडे आली. ते बँकेत कॅशियर. गाडी चालवण्यापेक्षा पुसण्याची आवड जास्त.

१९९३ सालच्या वादळात शेजारचे नारळाचे झाड शेडवर आणि शेडसकट गाडीवर पडले. छपराचा पुढचा अर्धा भाग चेपून बसायच्या जागेला टेकला. जनकोजीराव म्हणाले, "ओरिजिनल छप्पर मिळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही." आणि त्यांनी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळांना पत्रे लिहायला सुरुवात केली. नऊ वर्षे लिहिली. अक्षर सुंदर होते. तेवढ्या काळात चेन्नईची हवा गाडीला खालून खात होती.

मी २००१ साली निवृत्त झाले. पस्तीस वर्षे मी रणगाड्यांचे नकाशे काढले, पण एकाही रणगाड्याला हात लावू दिला नव्हता कोणी. घरी बसून मी पहिल्या महिन्यात शेडमध्ये गेले आणि गाडी मोजायला घेतली. चौदा कागद भरले. मग पुदुपेटला जाऊन टिंकर शोधू लागले. पत्रा ठोकून गाडीला आकार देणाऱ्याला आमच्याकडे टिंकर म्हणतात. चारजणांनी गाडीचा फोटो बघून मला भंगारवाल्याचा पत्ता दिला. पाचवी कनका. नवरा वारल्यावर तिने त्याच्या हातोड्या उचलल्या आणि धंदा चालू ठेवला. बाई दिसली की निम्मी गिऱ्हाइके पुढच्या दुकानात जात. तिला वेळ होता.

तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, छप्पर पेलणाऱ्या खांबांच्या मुळाशी स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला.

"अम्मा, खालचे चार इंच संपलेत. इथे वेल्डिंग करू म्हणता? अप्पळम-पापडाला शिलाई घालतं का कुणी?"

"मग?"

"नवे खांब कुठून आणायचे? कुजलेले चार इंच कापू या. छप्पर चार इंच खाली येईल. गाडी बुटकी दिसेल."

मी घरी येऊन ते कागदावर काढून पाहिले. बुटकी नव्हे, झेप घ्यायला दबलेल्या मांजरासारखी दिसत होती. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली रेघ काढली नव्हती.

जनकोजीरावांना विचारले नाही. हा माझा गुन्हा. इथे लेखी कबूल करते. एप्रिल २००३ मध्ये ते कुळाचाराला अठरा दिवस तंजावरला गेले, आणि त्यांची रिक्षा गल्लीच्या टोकाला वळताच कनकाने करवत लावली. खांब तिरपे असल्याने छप्पर खाली आणले की ते पुढच्या काचेपर्यंत पोचणार नव्हते, अडीच इंच कमी पडणार होते. ते गणितात आधीच दिसले होते. पुढचा भाग तसाही चेपलेला. तो नवाच घडवायचा, तर जरा लांब घडवू असे ठरले. त्यासाठी चांगला, जाड, सपाट पत्रा हवा होता. तो घरातच उभा होता, आत माझ्या साड्या होत्या. (सूनबाई, दारे तिथे गेली.) कनकाने तो वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवून ठोकला, मी प्लायवूडचे साचे धरून दर दहा मिनिटांनी "अजून, अजून, बस" म्हणत राहिले. तेराव्या दिवशी छप्पर बसले. कनका खाली बसली आणि हसता हसता रडली. मी चहा केला.

अठराव्या दिवशी जनकोजीराव आले, बॅग हातात तशीच धरून शेडच्या दारात उभे राहिले. त्यांचे शब्द त्यांच्या तंजावरी मराठीत जसेच्या तसे देते:

"माझे बाबाचे गाडीचे डोस्कं कोण कापलं गे?"

"मी कापलं," मी म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. जेवण वाढले की जेवत. मीठ हवे असेल तर मकरंदला अण्णा नगरला फोन करत, मकरंद मला करी. आईच्या डोक्यावर परिणाम झाला, हे मत त्याने याच काळात बनवले. काम मी थांबवले नाही. दिवे मडगार्डमध्ये आत बसवले, पायऱ्या काढल्या, दारांच्या मुठी बुजवल्या, बॉनेटला उष्णता जायला चाळीस फटी पाडल्या. काच कापणाऱ्याने दोन काचा फोडल्या, तिसरी बसली. कोणी पाहुणा म्हणाला की अमेरिकेत असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. आमच्या गल्लीत हॉट रॉड म्हटले की बादलीत सोडून पाणी तापवायची सळई, त्यामुळे बरेच दिवस शेजारणी विचारत होत्या की म्हाताऱ्या कशासाठी एवढे पाणी तापवतात.

एक गोष्ट मला खात होती. जनकोजीराव उंच. या छपराखाली त्यांची मान वाकणार. ते दुपारी आरामखुर्चीत झोपत, तेव्हा मी टेप घेऊन त्यांना मांडीपासून डोक्यापर्यंत मोजले. तीन दुपारी, कारण ते कुशीवर वळत. मग कनकाने गाडीची जमीन कापून बैठक पाच इंच खाली घेतली.

आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाहून लाकडी खोके आले. नऊ वर्षांच्या पत्रांचे उत्तर: १९३६ सालचे अख्खे छप्पर, एक पोचा नाही. जनकोजीरावांनी ते स्वतः बंदरातून टेंपोत घालून आणले. नकाशात कुठेही न चुकलेली मी इथे चार महिन्यांची घाई करून चुकले होते. कनकाला मी काम थांबवायला सांगितले आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तुम्ही म्हणाल तर परत कापते. खांबही नवे करवते. वर्ष लागेल, पण करते."

त्यांनी खोक्यातल्या छपरावरून हात फिरवला, गाडीच्या छपरावरून फिरवला. जेवायची वेळ टळून गेली. मग म्हणाले,

"ते चांगलं आहे. पण कोणाचं की दुसऱ्याचं गे. हे आपले कपाटाचं." थोड्या वेळाने: "पण मी आत बसूं कसा?"

"बसून बघा."

बसले. डोके आणि छप्पर यांत दोन बोटे उरली. त्यांनी ती बोटे घालून पाहिली आणि तमिळमध्ये "सरी" म्हणाले, म्हणजे 'ठीक'. एवढेच. दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात माझी लग्नातली साडी घेऊन तेच गेले, आणि तिच्या काठाचा, लाखेसारखा गडद तांबडा रंग बनवून आणला.

पुढे तीन वर्षे आम्ही या गाडीत फिरलो. २००६ साली ते गेले. ही गाडी मी कनकाला देते. मकरंद म्हणेल, बाहेरच्या बाईला? मी त्याला हे तोंडी सांगितले तेव्हा तो म्हणालाच, "आई, ती आपली कोण?" मी म्हटले, तू या गाडीत कितीदा बसलास? तो म्हणाला, एकदा, पाठ दुखली. तर मग झाले.

५) खोक्यातले ओरिजिनल छप्पर जनकोजीरावांचे चुलतभाऊ गुंडोराव यांना. २००५ च्या जानेवारीत मैलापूरला जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले, त्यात हे परीक्षक होते. आमच्या गाडीपाशी येऊन कर्ण्यातून म्हणाले, "ही गाडी बिघडवली कोणी?" जनकोजीराव, ज्यांनी जन्मभर ओरिजिनलशिवाय दुसरा शब्द उच्चारला नव्हता, ते पुढे झाले आणि कर्ण्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "माझी बायको. तुमचीही बिघडवून देईल, रांगेत उभे राहा." गुंडोरावांनी आमचा क्रमांक खोडला. त्यांना ओरिजिनलची एवढी भक्ती आहे, म्हणून हे छप्पर. खाली लावायला गाडी त्यांनी शोधावी.

६) माझा ड्रॉइंग बोर्ड, कंपास पेटी, प्लायवूडचे साचे आणि चौदा नकाशे हेही कनकाला. नकाशे वाचायला ती शिकली आहे. तिच्या दुकानाच्या पाटीवर आता तिचे स्वतःचे नाव आहे, ते मीच काढून दिले. 'क' जरा मोठा झाला.

७) माझे डोळे काढून द्यावेत. बाकीचे दहनासाठी. कर्णा लावू नये.

हे आताच का लिहिते, असे वकील नारायणस्वामी यांनी विचारले. कनकाने उभ्या आयुष्यात डोंगर पाहिलेला नाही. येत्या गुरुवारी, दुपारचा राहुकाळ लागण्याच्या बऱ्याच आधी, आम्ही दोघी गाडीने येरकाडला निघतो. सपाटीवर ती चालवणार, वीस वळणांच्या घाटात मी. मकरंदने तीनदा फोन करून "आई, नको" म्हटले, चौथ्यांदा "निदान कागद तरी करून जा" म्हटले. हा केला. आम्ही परत आलो तर तो कपाटात ठेवेन. नाही आलो तर गाडी खाली कुठेतरी दरीत असेल, तिथून आधी कनकाला वर काढावे. ती धडधाकट असली तर गाडीचे ती बघेल.

कनकाला साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती. जिला मिळते तिने साक्ष द्यायची नसते, असे नारायणस्वामींनी सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मला गाडी नको, सही करू द्या." तिला समजावायला पाऊण तास गेला.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) रत्नप्रभा जनकोजीराव मोहिते

साक्षीदार:
१. (सही) ए. नारायणस्वामी, वकील, वेस्ट मांबलम. सही करताना म्हणाले, "घाटात दुसऱ्या गिअरमध्येच राहा, अम्मा."
२. (सही) डॉ. श्रीलक्ष्मी, वेस्ट मांबलम. मागच्या सीटवर जागा आहे का, असे विचारले. मागे सीट नाही. पुढे दोघींत तिसरी मावेल, बारीक आहेत. गुरुवारी सकाळी सहाला या म्हटले आहे.

ठिकाण: चेन्नई
दिनांक: सोमवार, ७ जुलै २००८