बँड ऐकायला नेते, म्हणाले होते

प्रिय दादा,

तुझी सगळी पत्रं काल वंदनाला सापडली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या लग्नातल्या शालूखाली ठेवली होती मी. जुन्या वह्या शोधायला ती वर चढली आणि उतरली ती गठ्ठा हातात घेऊनच. माझ्यासमोर बसून तिने एकेक पत्र वाचलं. मग विचारलं, "आई, मामाला तू एकाही पत्राचं उत्तर का नाही दिलंस?"

काय सांगायचं तिला? तू जाऊन तीन महिने झाले. जिवंत होतास तेव्हा तुझा पत्ता मला पाठ होता, आणि आता लिहायला बसलेय तर टाकू कुठे? तरीही लिहितेय. वंदनाला तोंडाने सांगणं जमलं नाही, म्हणून तुला लिहितेय.

दादा, आपण देवळाली कॅम्पात होतो ते दिवस आठवतात का रे? बाबा साहेबलोकांच्या बंगल्यावर माळी. आपली खोली बंगल्यामागची, एका खिडकीची. जयंतीच्या मिरवणुकीत तू बासरी वाजवलीस, ती कुणीतरी ऐकली आणि तुला लष्कराच्या बँडमध्ये घेतलं. तू पहिल्यांदा गणवेश घालून घरी आलास तेव्हा आई दारातच रडायला लागली. बाबा मात्र म्हणाले, "ते काळं नळकांडं फुंकायचा पगार देतात?" किती हसलो होतो आपण!

त्या नळकांड्याला क्लॅरिनेट म्हणतात हे तू सगळ्या आळीला शिकवलंस. आणि तिथेच तुला तो भेटला, तुझा इटलीवाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेला संगीतकार, पण तू बोलायचास असा की जणू तो शेजारच्या खोलीत राहतो! तुमचे फर्नांडिस मास्तर त्याच्या ऑपेरातले तुकडे बँडसाठी बसवायचे. ऑपेरा म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणालास, "आपल्या संगीत नाटकासारखंच गं. फक्त भांडायचं असलं तरी गाऊनच भांडायचं."

मास्तरांकडून तू त्याची सगळी कथा काढून घेतलीस आणि वहीत मराठीतून लिहायला लागलास. डोंगरावरच्या गावात, एका घराच्या तळघरात जन्मलेलं पोर. पायऱ्या उतरून खाली जायचं, तिथे उजेड म्हणून नाही. बाप साधा चौकीदार. गावात एका मोठ्या मनाच्या गुरुजींनी गरिबांच्या पोरांसाठी फुकट संगीतशाळा काढली होती, म्हणून हा शिकला. याचा गळा बरा नाही, याला काढून टाका, असं ठरत होतं, तेव्हा त्याच गुरुजींनी त्याला सांभाळून घेतलं. हे वाचून दाखवताना तुझा आवाज चढायचा. "सुमे, ऐकतेस ना? तळघरातला पोरगा! आणि पुढे सत्तरएक ऑपेरे लिहिले त्याने. हसवणारे निराळे, रडवणारे निराळे. एकेक तर दोन-दोन आठवड्यांत!"

बाबांना ते फार आवडायचं. बाबा आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा म्हणायचे, "तळघरवाल्याचं वाच रे." तू वाचायचास.

बायको गेली, तिन्ही बाळं गेली, तिथवर आलास की मात्र तू भरभर वाचायचास. त्याने बायकोची खोली कायमची बंद केली आणि पुन्हा तिचं नाव तोंडातून काढलं नाही. त्यानंतरचं पान तू बाबांना कधीच वाचून दाखवलं नाहीस. मला दाखवलंस. त्याचं डोकं फिरत गेलं, आणि त्याच्या सख्ख्या पुतण्याने त्याला गाडीत बसवलं. दुसऱ्या शहराला चाललोय, म्हणून सांगितलं. वाटेत गाडी बिघडली, जरा या हॉटेलात थांबू, म्हणाला. ते हॉटेल नव्हतं. वेड्यांचं इस्पितळ होतं. त्याने तिथून सुटकेसाठी पत्रांवर पत्रं लिहिली, आणि ती कुणाला पोचलीच नाहीत.

तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं? "मेला पुतण्या! माणूस आहे की कोण?"

मग तुझ्या कानात एक सूर अडकला. एकच सूर, दिवसरात्र. लष्करी डॉक्टरांनी पुष्कळ उपचार केले. शेवटी आजारपणापायी तुला नोकरीतून घरी पाठवलं आणि तू नाशिकरोडला आमच्याकडे आलास. बाबा तोवर गेले होते. दीड खोली. आई, हे, मी, दोन मुलं आणि तू. हे प्रेसमधून रात्रपाळी करून यायचे, दिवसा झोपायचे, आणि तू तो सूर बाहेर काढायला तासन्तास क्लॅरिनेट वाजवायचास. हे उठून ओरडायचे. आई तुझी बाजू घ्यायची. मुलं रडायची. मी स्टोव्हला पंप मारत मधे उभी.

एकदा अशा गोंधळात तू मोठ्याने हसलास. म्हणालास, "त्याच्या एका ऑपेरात असंच आहे! लग्नाचा करार झालेला असतो आणि नको तो माणूस दारात उभा राहतो. सहा जण एकदम गायला लागतात. प्रत्येकाचं दुःख निराळं. कुणी कुणाचं ऐकत नाही, कुणाला जागचं हलता येत नाही. पण बाहेर बसून ऐकणाऱ्याला किती गोड लागतं! मोज, आपण पण सहाच आहोत."

कुणीच हसलं नाही. तू चौकात उभा राहून एस.टी. बसना काठीने ताल द्यायला लागलास, तेव्हा लोक मात्र हसायचे.

आणि मग तो दिवस. मी शाळेतून शिकवून आले तर दाराला आतून कडी. तू आत आणि सहा वर्षांची वंदना तुझ्याजवळ. "सूर सापडल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही," एवढंच तू म्हणत होतास. चार तास, दादा! मी दारावर डोकं आपटून घेतलं. शेवटी यांनी बिजागऱ्या काढल्या. आत वंदना तुझ्या मांडीवर गाढ झोपली होती. तिच्या अंगावर तुझा लष्करी कोट होता आणि तू हलतही नव्हतास, तिची झोप मोडेल म्हणून.

पण यांनी सांगून टाकलं, "आता तो तरी राहील, नाहीतर मी तरी."

आणीबाणी उठली त्याच वर्षीची ही गोष्ट. सगळीकडे लोक तुरुंगातून सुटल्याचे पेढे वाटत होते आणि मी तुला सांगत होते, "दादा, चल, बँडचा मोठा कार्यक्रम आहे. ऐकायला नेते." तू दाढी केलीस. बुटांना पॉलिश केलंस. गाडीत खिडकीशी बसून सगळी स्टेशनं बघत होतास. इस्पितळाच्या फाटकाशी मी म्हणाले, "तू बस हं इथे, मी तिकिटं काढून येते."

मी मागे वळून पाहिलं नाही. तो पुतण्या तरी गाडीतून नेऊन सोडून आला. मी तुला स्टेशनापासून चालवत नेलं, हात धरून.

तिथल्या लोकांना मी बोल लावत नाही. त्यांनी तुला बरं केलं. सहा वर्षांनी त्यांचंच पत्र आलं, की आता घरी न्यायला हरकत नाही. ते पत्रही तुझ्या पत्रांसोबत पेटीत गेलं. आई विचारायची, "त्याचं काही आलं का गं?" मी म्हणायचे, "तिथून पत्रं टाकू देत नाहीत." आई तुझी वाट बघत गेली, दादा. तिच्या शेवटच्या दिवशीही मी हेच सांगितलं. कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दादा बरा होऊन पुन्हा मिलिटरीत गेला, आसामला आहे. कुणी विचारलं की मी तिथला पाऊससुद्धा सांगायचे! एकदा बोलले ते सावरायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. तुझं फाटक निदान सकाळी उघडायचं तरी. माझं कधीच उघडलं नाही.

तुझी पत्रं मी वाचली नाहीत, असं समजू नकोस. सगळी वाचली. "सुमे, मी बरा आहे. सूर थांबला. घरी कधी नेतेस?" प्रत्येक पत्रात हेच. रागाचा एक शब्द नाही. एकदा तरी शिवी द्यायचीस रे! मग मलाही उलट लिहिता आलं असतं.

इस्पितळाच्या त्या पत्रानंतर दोन वर्षांनी मुलं मोठी झाली, मोठं क्वार्टर मिळालं, आणि एक दिवस यांनीच विषय काढला, "जा, घेऊन ये त्याला." तेव्हा आले मी. तू मला ओळखलंस, पिशवी उचललीस आणि निघालास.

घरी आणलं म्हणून मी किती खूश होते! मग दिसायला लागलं. उंबऱ्याशी उभा राहून तू विचारायचास, "बाहेर जाऊ का?" संडासला जायचं तरी विचारायचास. साडेपाचला ताट घेऊन भिंतीशी उभा राहायचास, एकटाच रांगेत. आम्ही म्हणायचो, दादा, दार उघडंच आहे. तू मान हलवायचास आणि तिथेच थांबायचास. तुझ्या इटलीवाल्यालाही शेवटी त्याच्या माणसांनी भांडून गावी परत आणलं होतं ना? तो खुर्चीत मान खाली घालून बसायचा, बोलायचा नाही, असं तूच लिहिलंयस. ते पान मी आता वाचलं. आधी वाचलं असतं तर? तरी काय केलं असतं मी, कोण जाणे.

मनातलं तू बोललास ते एकदाच, त्या उन्हाळ्यात. मी तुझी नखं कापत होते.

"सुमे, त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, हे मला ठाऊक होतं."

माझा हात थांबला. "कसं?"

"एका दिवसाच्या कार्यक्रमाला कुणी चार लेंगे भरतं का?"

"मग आलास कशाला?"

"तू फार दमली होतीस गं," तू म्हणालास, आणि दुसरा हात पुढे केलास.

दादा, त्याच वेळी पाय धरायला हवे होते तुझे. मी नखं कापत राहिले. सगळी दहा कापली. मग उठून कूकर लावला. आज म्हणते, चुकले मी. तुझी तिथली आठ वर्षं, आणि तू गेल्यावरचे हे तीन महिने, एवढा उशीर झाला.

तू गेलास तेव्हा शेजारच्या शिंदेकाकू म्हणाल्या, "आसामची हवा बाधली असेल." मी मान डोलावली. वंदनाने ते ऐकलं होतं. काल गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "मला मामाची भीती नाही वाटली गं त्या दिवशी. तो मला तळघरातल्या मुलाची गोष्ट सांगत होता." एवढी वर्षं कुणी तिला विचारलंच नव्हतं!

शेवटच्या महिन्यात जेवताना तू घास हातात धरून थांबायचास आणि म्हणायचास, "तुकाराम जेवला असेल का?" तो इस्पितळातला, तुझ्या शेजारच्या खाटेवरचा, पेठ तालुक्याकडचा. त्याला भेटायला कधीच कुणी आलं नाही, असं तू सांगितलंस. मी विषय बदलायचे.

येत्या रविवारी मी जाते त्याच्याकडे. वंदनाही येतेय. वाटेत शिंदेकाकू भेटल्या आणि "कुठे निघालात?" म्हणाल्या, तर कुठे ते सांगेन, आणि तू तिथे किती वर्षं होतास तेही सांगेन. तुकारामला मी घरी नेते, असं म्हणणार नाही. कार्यक्रम आहे, असंही नाही. पुढच्या महिन्यात परत येते, एवढंच म्हणेन. आणि दादा, येईन.

तुझीच,
सुमी